भरती पाहून निघावं

इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर हिवाळी पक्षी पाहायचे, तर दुर्बिणीआधी भरती-ओहोटीचं कोष्टक हाती घ्यावं लागतं. 'द वॉश' हे इथलं उथळ, रुंद आखात. ओहोटीला चिखल इतका लांबवर उघडा पडतो की काठावरून पक्ष्यांचे नुसते ठिपके दिसतात. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत येणाऱ्या मोठ्या उधाणात मात्र तो सगळा बुडतो. म्हणून या आखाताकाठच्या स्नेटिशमला जायचं ते उधाण गाठूनच, आणि भरती पूर्ण होण्याच्या दोन तास आधी. पक्ष्यांच्या मागे धावायचं नाही. पाणीच त्यांना काठाकडे ढकलत आणतं.

पुढे सरकणाऱ्या गर्दीत माझा जीव अडकतो तो 'नॉट'मध्ये. उन्हाळ्यात ग्रीनलंड आणि कॅनडाच्या आर्क्टिक भागात पिल्लं वाढवून हिवाळ्यासाठी इथे आलेला, मैनेएवढा, करडा पक्षी. थव्यातला एकच निवडावा आणि स्कोप त्याच्यावरून हलवू नये. तो ओल्या वाळूत भराभर चोच खुपसत चालतो. चोचीच्या टोकाला दाब ओळखणारी संवेदना असते. वाळूतल्या पाण्याचा दाब कुठे अडतो, त्यावरून पुरलेला शिंपला त्याला स्पर्श न होताच कळतो. शिंपला तो अख्खा गिळतो. कवच पोटातल्या पेषणीत भरडलं जातं.

थवा हजारोंचा असेल तर एकेक पक्षी मोजू नये. आधी दहा मोजावेत, तेवढी जागा नजरेत पक्की करावी, मग त्या मापाने शंभर, मग हजार. हा अंदाज सरावानेच बसतो.

पाणी काठोकाठ आलं की नॉट बांधापलीकडच्या तळ्यांवर उतरतात. खडी काढून झालेली ही तळी. तिथे दाटीवाटीने, अनेकदा एका पायावर उभे राहून ते विसावतात. आपल्या संयमाची खरी परीक्षा इथे होते. डिसेंबरात इथला दिवस आठ तासांहूनही कमी, थंडी कडाक्याची. फोटोसाठी कुणी चार पावलं पुढे गेलं आणि थवा उठला, तर उडण्यात पक्ष्यांच्या अंगावरची चरबी जळते. आणि चिखल उघडा पडेपर्यंत ती भरून काढायला अन्न मिळत नाही.

कोकणच्या खाड्यांत, शिवडीच्या चिखलातही हिवाळ्यात असेच दूरदेशीचे पाहुणे येतात. तिथे जाल तेव्हा भरतीची वेळ पाहून जा, आधी जाऊन बसा आणि विसावलेला थवा उठवू नका.