हातचें गेलेलें नांव

सहा वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्या दिवंगत गुरुजींच्या नांवाचा एक पत्ता इंटरनेटवर घेतला होता, व त्यांचीं व्याकरणाचीं टिपणें तेथें ठेविलीं होतीं. पुढें कामाच्या गर्दींत तिकडे लक्ष राहिलें नाहीं. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तो पत्ता सहज उघडला, तों समोर जुगाराच्या जाहिराती! वर नांव मात्र गुरुजींचेंच! आम्हांस मेल्याहून मेल्यासारखें झालें.

चौकशीअंतीं उलगडा झाला. ज्यास डोमेन म्हणतात, तें नांव कायमचें विकत मिळत नाहीं. तें जणूं भाडेपट्ट्यानें, एका वेळीं फार तर १० वर्षांपर्यंत मिळतें. मुदत संपली म्हणजे 'डॉट कॉम'सारख्या नांवांस नोंदणी करणारी कंपनी बहुधा कांहीं दिवसांची, जास्तींत जास्त ४५ दिवसांची, सवलत देते. नंतर ३० दिवस जबर आकार भरून तें सोडवितां येतें. त्यापुढचे ५ दिवस मूळ मालकाचाही इलाज चालत नाहीं. आणि मग नांव पुसलें जातांच जो प्रथम मागेल त्याचें! टपून बसलेले व्यापारी ही मागणी यंत्राकरवीं क्षणार्धांत करितात. जुन्या नांवाकडे लोकांची वहिवाट असते. तिच्यावरच त्यांची कमाई. इतकेंच नव्हे, तर त्या नांवावर येणारीं पत्रेंही नव्या मालकाच्या हातीं पडूं शकतात.

आम्हांस सूचना आल्या नव्हत्या काय? आल्या होत्या, परंतु ज्या ई-मेलवर आल्या, तो आम्हीं केव्हांच सोडून दिला होता. थोरांचीही अशी गत होते. १९९९ सालीं ऐन नाताळांत मायक्रोसॉफ्ट कंपनी 'पासपोर्ट डॉट कॉम' या नांवाचे ३५ डॉलर भरावयास विसरली, व हॉटमेलच्या ग्राहकांची अडचण झाली. मायकेल चेनी नामक प्रोग्रामरनें ते पदरचे भरले, म्हणून निभावलें. आमच्यासाठीं कोणी चेनी धांवला नाहीं.

शेवटीं धीर करून गुरुजींच्या घरीं गेलों व काकूंस सर्व सांगितलें. त्या क्षणभर स्तब्ध राहिल्या, मग कपाटांतून जुन्या वह्या काढून म्हणाल्या, "नांव गेलें, पण अक्षर आहे ना? पुन्हां उतरून काढ."

तें काम आतां चालू आहे. नवें नांव घेतलें असून त्याची मुदत भिंतीवरील कॅलेंडरांत तांबड्या शाईनें लिहिली आहे. बालमित्रांनो, तुमच्या घरीं असें एखादें नांव असेल, तर त्याची मुदत आजच वडिलांस विचारा!