पानिपतची वार्ता

मराठी घरात पानिपत हे गाव नकाशावर शोधावे लागत नाही. ते आपल्या भाषेतच वसलेले आहे. कोणाचा बेत फसला, कोणाचा धंदा बुडाला, की ‘पानिपत झाले’ असे आपण सहज म्हणतो. आणि कोणी दिलेला शब्द पाळला नाही, तर ‘विश्वास पानिपतातच गेला’ असे म्हणून मोकळे होतो. त्यामुळे गेल्या जानेवारीत कामानिमित्त पानिपतला जाण्याचा योग आला, तेव्हा घरात थोडी थट्टा होणे क्रमप्राप्तच होते. “अहो, जाताय खरे, पण सौद्याचे पानिपत करून येऊ नका. आणि तिकडचे लोणचे प्रसिद्ध आहे म्हणतात, तेवढे आठवणीने आणा,” असे पत्नीने बॅग भरता भरता बजावले.

पुण्यातील एका संगणक-कंपनीत मी जवळजवळ तीस वर्षे नोकरी करीत आहे. कारखान्यांतील माल, साठा व हिशेब यांची नोंद ठेवणारी प्रणाली तयार करणे हा आमचा व्यवसाय. भारतात इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांना खुली झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मी तेव्हा नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडलो होतो. आता कामासाठी गावोगाव हिंडण्याचे दिवस संपले, पत्र व तार मागे पडणार, सारा व्यवहार बसल्या जागी होणार, अशी आम्हा तरुणांची खात्री होती. तारेविषयीचा अंदाज खरा ठरला. २०१३ साली तारसेवा बंदच झाली. प्रवासाविषयीचा अंदाज मात्र साफ चुकला. या तीस वर्षांत माझ्या जितक्या रात्री घराबाहेर गेल्या, तितक्या फिरस्तीची नोकरी करणाऱ्या माझ्या वडिलांच्याही गेल्या नसतील. २०२० च्या टाळेबंदीत काही महिने पडद्यावरच बैठका झाल्या. दारे उघडली आणि आम्ही पुन्हा बॅगा भरू लागलो.

दिल्लीपासून पानिपत सुमारे ९० किलोमीटर. मोटार शहराबाहेर पडली तेव्हा सकाळ होऊनही धुके उतरले नव्हते. मुरथळच्या ढाब्यांवर पराठ्यांचा खमंग वास दरवळत होता. पुढे गन्नौर, समालखा ही गावे मागे पडली. हा रस्ता फार जुना. मोगल काळी त्याच्या कडेने कोसाकोसावर विटांचे मिनार उभारले होते. वाटसरूला आणि डाक वाहणाऱ्याला त्यांवरून अंतर कळत असे. त्यांपैकी काही कोसमिनार हरियाणात आजही उभे आहेत. त्यांतील एक धुक्यातून अवचित पुढे आला, तेव्हा मी हातातल्या फोनवर पानिपत किती दूर आहे हेच पाहत होतो. मिनाराचे काम आता माझ्या तळहातावर आले होते.

पानिपतात प्रवेश करणारा मराठी प्रवासी मनाशी रणभूमीचे चित्र घेऊन येतो. त्याच्या स्वागताला येतात ते मात्र सूत, गालिचे आणि ब्लँकेटे. विणकाम येथे पूर्वीपासून होते. १९४७ च्या फाळणीत येथील बहुतेक मुसलमान विणकर सीमेपलीकडे गेले आणि पश्चिम पंजाबातून उखडून आलेली कुटुंबे त्यांच्या जागी येऊन वसली. त्यांतील अनेकांनी पुन्हा माग मांडले. ज्या कारखानदाराकडे मला जायचे होते, त्यांचे आजोबाही तसेच आलेले. हे गाव हरवलेल्यांचे आहे, येथे कोणी जिंकून आलेला नाही, असे ते चहा घेताना हसत म्हणाले. पराभवाचे गाव म्हणूनच पानिपतला ओळखणाऱ्या मला ते हसू अनपेक्षित होते.

येथील एक मोठा उद्योग जुन्या कपड्यांचा आहे. पश्चिमेकडील देशांत टाकून दिलेले स्वेटर, कोट व शाली यांच्या गाठी समुद्रमार्गे भारतात येतात आणि येथे उतरतात. कपड्यांची बटणे, चेन व अस्तरे काढली जातात. मग रंगाप्रमाणे ढीग लावले जातात. यंत्रे त्या चिंध्या फाडून व पिंजून त्यांचे पुन्हा तंतू करतात, त्या तंतूंचे सूत होते आणि सुताची ब्लँकेटे. यालाच व्यापारात ‘शॉडी’ म्हणतात. रंगांची निवड नीट झाली, तर सूत नव्याने रंगवावे लागत नाही. रंग वाचतो आणि पाणीही वाचते. भूकंप वा महापूर आला, की आपद्ग्रस्तांच्या अंगावर जी स्वस्त ब्लँकेटे पडतात, त्यांतील कितीतरी याच गावची असतात.

माझे काम या रंगांपाशीच अडले होते. आमच्या प्रणालीने कारखान्याचा हिशेब तर ठेवला होता. परंतु करड्या सुताचा साठा काही केल्या जुळत नव्हता. चार महिने पुण्यात बसून आम्ही आकडे तपासले, पडद्यावर बैठका घेतल्या, एकमेकांना शेकडो संदेश पाठविले. शेवटी कारखानदारांनी निरोप धाडला, की एकदा येऊन बसा.

निवडीच्या शेडमध्ये मी जाऊन बसलो. ढिगाऱ्याभोवती दहा-बारा स्त्रिया बसल्या होत्या. त्यांतील एक प्रौढ बाई स्वेटर उचलीत, क्षणभर उजेडाकडे धरीत आणि न थांबता कोठेतरी भिरकावीत. पाहता पाहता ध्यानात आले, की आमच्या यादीत ‘करडा’ हा एकच रंग होता. बाईंपुढे मात्र करड्याचे पाच निरनिराळे ढीग होते. एकात निळी छटा, एकात राखेची, एक उन्हात विटलेला. मी विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. हे पाच एकात मिसळले तर कापडावर पट्टे उठतील, एवढेही या साहेबांना ठाऊक नाही काय, असा तो भाव होता. नोंद करणारा मुलगा त्या पाचांपैकी कधी दोन, कधी तीन ढीग ‘करडा’ म्हणून मांडीत असे. उरलेले कोठेच येत नसत. चार महिन्यांचे कोडे अर्ध्या तासात सुटले. बाईंनी काही लपविले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

दुपार मोकळी मिळाली. कारखानदारांनी आपण होऊन मोटार दिली आणि मी काला आंबला गेलो. शहरापासून काही किलोमीटरांवर, शेतांच्या मध्ये हे स्मारक आहे. येथे एक आंब्याचे झाड होते आणि रणातील रक्ताने त्याची पाने काळवंडली, अशी लोकांची कथा आहे. झाड कधीच गेले. त्याच्या जागी विटांचा एक स्तंभ आहे. १४ जानेवारीला येथे दरवर्षी लोक जमतात. त्यांत महाराष्ट्रातून आलेले असतात, तसेच हरियाणातील रोड समाजाचेही असतात. आपण त्या मराठी सैन्यातील मागे राहिलेल्यांचे वंशज आहोत, असे त्यांच्यापैकी पुष्कळजण मानतात. मी गेलो तेव्हा तो दिवस उलटून आठवडा झाला होता. स्तंभाशी वाळलेले हार पडले होते. चहूकडे हिरवा गहू डोलत होता.

शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. म्हणजे १४ जानेवारी १७६१. त्या दिवशी काय झाले हे आपण शाळेपासून जाणतो. त्या आधीच्या अडीच महिन्यांचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. भाऊसाहेबांची रसद तुटली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु धान्याबरोबर पत्रेही तुटली. जासूद पकडले जाऊ लागले. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि बाहेरून मिळणारा आधारही सरला. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, पण पुढे काय चालले आहे याची खात्रीलायक खबर त्यांना मिळत नव्हती.

ती मिळाली २४ जानेवारीच्या सुमारास, माळव्यात भेलशाजवळ; आणि तीही सरकारी डाकेने नव्हे. एका सावकाराचा कासीद पत्र घेऊन दक्षिणेकडे चालला होता, ते पत्र पेशव्यांच्या हाती आले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये व खुर्दा यांची तर मोजदादच नाही, अशा आशयाचा व्यापारी भाषेतील तो मजकूर. मोती कोणते, हे पेशव्यांना कोणी सांगावे लागले नाही. एक त्यांचा मुलगा होता आणि एक चुलतभाऊ.

हे पत्र मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु ते धंद्याचे पत्र होते, ही गोष्ट काला आंबच्या त्या स्तंभाजवळ उभे राहिल्यावर मला प्रथमच जाणवली. आपल्या पेढीला बाजाराची खबर वेळेवर कळावी, म्हणून एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला ते लिहिले होते. सातशे-आठशे किलोमीटरांची वाट त्या कासिदाने दहा दिवसांत कापली. सावकारांचे हे जाळे राज्याच्या डाकेहून चपळ होते. आजच्या आमच्या जाळ्याचा तो पूर्वज म्हणावयास हरकत नाही. त्याच जाळ्यातून एका बापाला आपल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची वार्ता कळली.

वार्ता उशिरा पोहोचली, म्हणून आपण हळहळतो. आणि आज असे होणार नाही, असे मनाशी म्हणतो. मीही तसे म्हटले असते. परंतु नऊ वर्षांपूर्वीची एक दुपार मला तसे म्हणू देत नाही.

मी बंगळुरूला एका महत्त्वाच्या बैठकीत होतो. फोन मुका करून बॅगेत ठेवला होता. सव्वाअकराला आईचा संदेश आला: “नानांना बरे वाटत नाही. तुझ्याशी बोलायचे म्हणतात. सवडीने फोन कर.” पुण्याहून बंगळुरूला यायला त्या शब्दांना क्षणही लागला नाही. माझ्या बॅगेतून माझ्या डोळ्यांपर्यंत यायला मात्र त्यांना चार तास लागले. मध्ये जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा मी फोन काढला होता. आईचे नाव दिसले आणि संध्याकाळी निवांत बोलू, असे म्हणून मी कामाचे संदेश आधी उघडले. सव्वातीनला फोन केला, तोवर नानांना पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची वाचा गेली होती. पुढे सतरा दिवस ते होते. मी जवळ बसत असे. ते माझ्याकडे पाहत, हात दाबीत. त्यांना काय सांगावयाचे होते, ते मला कळले नाही.

पेशव्यांची वार्ता वाटेत अडली. त्यांच्या वाटेवर अब्दालीची फौज होती. माझ्या वाटेवर कोणीही नव्हते.

आईने मला कधी दोष दिला नाही. तिने ‘सवडीने’ असे लिहिले होते, याचेच तिला वाईट वाटत राहिले. मुलाच्या कामात खोळंबा नको, म्हणून तिने तो शब्द घातला होता. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची ही भाषा आहे. त्यांच्या ‘सवडीने’चा अर्थ ‘आत्ता’ असा असतो. त्या शेडमधील बाईंच्या पाच करड्यांसारखाच हा सूक्ष्म भेद; पडद्यावर तो उमटत नाही, जवळ बसून शिकावा लागतो.

दुसऱ्या दिवशी धुक्यामुळे परतीचे विमान रद्द झाले. तत्काळमध्ये पुण्याच्या गाडीचे तिकीट मिळाले आणि संध्याकाळी दिल्ली सोडली. उत्तररात्री जाग आली, तेव्हा गाडी एका स्थानकातून जात होती. पिवळ्या फलकावर विदिशा असे नाव होते. १९५६ पर्यंत या गावाला भेलसा म्हणत. कासिदाच्या दहा दिवसांची वाट गाडीने एका रात्रीत ओलांडली होती, आणि मी ती झोपेत ओलांडली होती. पेशवे अखेर मागे फिरले. पुण्यास आले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले. मी बराच वेळ खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसलो.

नाना गेल्यापासून मी एक नेम पाळतो. कोठेही असलो, कोणतीही बैठक असो, घरचा फोन मुका करीत नाही. आणि सकाळी पहिला फोन आईला करतो. त्याने गेलेली दुपार परत येत नाही, हे मी जाणतो.

सकाळी गाडी नर्मदेच्या पुलाजवळ आली, तेव्हा मी आईला फोन लावला. काम झाले, लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या, तुझ्यासाठी करड्या रंगाचे एक ब्लँकेट आणतो आहे, असे सांगितले. ती म्हणाली, “नर्मदा आली का रे? नमस्कार कर हो.” मग शेजारच्या बाळाचे बारसे, नळाचे पाणी, गुडघ्याचे दुखणे असे ती बोलत राहिली. समोरच्या पडद्यावर कामाचे संदेश एकावर एक येऊन पडत होते. पूल संपला तरी मी ऐकत होतो.