चिठ्ठी जुनी, गोळी नवी

माझ्या पर्समध्ये सात-आठ महिने एक चिठ्ठी होती. घड्या पडून पडून ती मधोमध फाटायला आली, तेव्हा मी तिला मागून चिकटपट्टी लावली. ती माझ्या धाकट्या भावाच्या औषधाची चिठ्ठी होती. त्या चिकटपट्टीची मला आज जितकी लाज वाटते, तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

भाऊ लूमवर कामाला. मालेगावात राहणाऱ्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. बारा तासांची पाळी, सगळी उभ्याने, कानात खडखडाट आणि मजुरी विणलेल्या कापडावर. सुट्टी जुम्याची. बीम उचलताना त्याच्या कमरेत चमक भरली. डॉक्टरांनी ट्रामाडॉल लिहून दिलं, पाच दिवसांसाठी. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "बाजी, उसी गोली से आराम था. और ला दो ना."

मेडिकल माझ्या शाळेच्या वाटेवर. दुकानदार मला ओळखणारा. पहिल्या दोन वेळा त्याने चिठ्ठी बघितली, नंतर बघणंही सोडलं. टीचर आहेत, खोटं कशाला बोलतील? आणि मी खोटं बोलतही नव्हते. भावाची कंबर खरंच दुखत होती. मी त्याची खिदमत करतेय असंच मला वाटत होतं.

त्याच वर्षी आमच्या भागात नशेविरुद्ध मोर्चा निघाला. आमच्या शहराचं नाव 'कुत्ता गोळी'ने किती बदनाम झालंय हे वाचकांना माहीत असेल. अल्प्राझोलाम हे घबराटीवर दिलं जाणारं औषध. पोरांच्या हातात पडून त्याचं हे नाव झालं. मोर्चात बायकाही होत्या, मीही होते. घोषणा दिल्या, फलक धरला. आणि खांद्याला पर्स होती, पर्समध्ये ती चिठ्ठी. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. नशा करतात ती नाक्यावरची पोरं. माझा भाऊ तर औषध घेत होता.

डोळे उघडले रमजानमध्ये. सहेरीला तो दोन गोळ्या घ्यायचा. जोहरपर्यंत ठीक असायचा. असरच्या सुमारास जांभया सुरू व्हायच्या, नाक गळायचं, घाम सुटायचा, पायात गोळे यायचे. आम्ही म्हणायचो, रोजा लागलाय. एका संध्याकाळी अजान झाली, सगळ्यांनी खजुरीला हात घातला आणि त्याने आधी खिशातून गोळी काढून तोंडात टाकली. खजूर नंतर. त्याची सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "फूफी, अब्बू रोज ऐसेच करते."

त्या रात्री मी त्याच्याशी बोलले. पाचाच्या जागी तो दिवसाला दहा-बारा गोळ्यांवर गेला होता. मी आणायची त्या पुरत नव्हत्या, बाकीच्या तो स्वतः आणत होता. अम्मी म्हणाली, नजर लागली. मामूंनी सांगितलं, चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल.

सुदैवाने कोंडलं नाही. नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत आम्हाला समजावलं. ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक. शरीराला त्याची सवय लागली की तेवढ्याच आरामासाठी जास्त गोळ्या लागतात. जास्त झाल्या तर फिट येऊ शकते आणि एकदम बंद केल्या तर शरीर बंड करतं. अल्प्राझोलाम तर एकदम तोडलं तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणजे पोराला खोलीत कोंडणं किंवा बांधून ठेवणं, ज्याला आम्ही मोहल्ल्यात बहादुरी समजतो, तो प्राणाशी खेळ आहे. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते. भावाला कित्येक महिने लागले. मध्ये एकदा तो परत घसरलाही.

या काळात मी कायदा वाचला. ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, कोडीन ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. दुकानदाराने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. एकदाच! माझ्या चिकटपट्टीने किती वेळा नियम मोडला याचा हिशेब मी केला नाही.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये आली. तिच्यानुसार १० ते ७५ वयाच्या लोकांमध्ये हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, तर अफूजन्य औषधं घेणारे ०.९६ टक्के, जवळजवळ बरोबरीने. पण हेरॉइनला आपण घाबरतो, गोळीला नाही. आपल्या समाजात तर त्याहून. दारूला वास येतो, दारू हराम, दारू पिणाऱ्याला घरात थारा नाही. गोळीला वास नाही, ती दवा आहे, तिच्यावर बोट कोण ठेवणार? आणि एकदा बोट ठेवलं की मग इतकी बेइज्जती, की माणूस इलाजाला जायच्या ऐवजी लपतो.

मी इमामसाहेबांकडे गेले. त्यांनी जुम्याच्या बयानात नशा हराम आहे हे अनेकदा सांगितलं होतं. मी म्हटलं, "हजरत, ते सगळ्यांना माहीत आहे. आता दोन गोष्टी आणखी सांगा. दवा कुठे संपते आणि नशा कुठे सुरू होते, ते सांगा. आणि जो अडकलाय त्याने कुठे जायचं, ते सांगा." त्यांनी थोडा विचार केला आणि पुढच्या जुम्याला खरंच सांगितलं. बीमाराचा इलाज करणं हे घरच्यांचं काम आहे, त्याला लपवणं नाही, असं म्हणाले. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर लाउडस्पीकरवरून दोनदा वाचला. घरात बसलेल्या बायकांनी तो ऐकला.

मोहल्ल्यातल्या दोन मेडिकलवाल्यांनी जुन्या चिठ्ठीवर गोळी द्यायचं बंद केलं. तिसऱ्याने केलं नाही, त्याच्याशी अजून बोलणं चालू आहे. बायकांच्या इज्तिमामध्ये मी माझीच गोष्ट सांगते, चिकटपट्टीसकट. सांगून झालं की कोणीतरी हळूच थांबून राहते.

वेदनाशामकाशी माझं वैर नाही. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळालंच पाहिजे. लूमवाल्याची कंबरही दुखतेच. पण तिच्यावर गोळीच्या आधी शेक आहे, व्यायाम आहे, बसायला एक स्टूल आहे आणि चार तासांनी दहा मिनिटांची सुट्टी आहे. भावाच्या शेठने स्टूल दिलं. सुट्टी अजून दिलेली नाही.

शाळेत मी आठवीला मराठी शिकवते. आमच्या मुलांना मराठी म्हणजे परीक्षेपुरता विषय. आता वर्षातून एक तास मी औषधाची पाकिटं वाचायला देते. लाल अक्षरातलं 'आरएक्स' म्हणजे काय, 'एनआरएक्स' म्हणजे काय, लाल चौकटीत काय बजावलंय, ते मराठीत लिहून काढायचं. मागच्या खेपेला तास संपल्यावर एक मुलगी थांबली. दप्तरातून अर्धी संपलेली पट्टी काढून तिने माझ्या टेबलावर ठेवली.

"टीचर, यावर एनआरएक्स आहे. माझे अब्बा पण लूमवर आहेत."

त्या संध्याकाळी मी भावाला सोबत घेतलं आणि तिच्या घरी गेले. बोलला तोच. मी चहा घेत बसले.