दगडाची परीक्षा

दगड म्हणजे निर्विकार वस्तू, असे मी समजत असे. परवा गुडीहत्नूरच्या काळ्या शेतात वेचलेल्या चुनखडीच्या खड्यावर विज्ञानाच्या तासाला सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले. खडा फसफसला आणि माझा समज त्या फेसाबरोबर विरून गेला. खड्याने आम्ल पचविले होते!

आम्ल पचविणारे दगड आहेत, तसे आम्ल निर्माण करणारेही आहेत. मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. तेथे तांब्याच्या खनिजासोबत पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे सोनेरी खनिज, आढळते. भूगर्भात ते निमूट पडून असते; पण टाकाऊ दगडांच्या ढिगात हवा व पाऊस लागला, की त्यापासून गंधकाम्ल उत्पन्न होते. ते धातू विरघळवून ओढ्यात वाहून नेऊ शकते. तेथील ग्रॅनाइट खडकात आम्ल शमविणारा चुना मात्र अल्पच.

म्हणून शास्त्रज्ञ दगडाचा जमाखर्च मांडतात. एक टन दगडात पायराइटच्या रूपाने शेकडा १ गंधक असेल, तर त्याचे आम्ल शमविण्यास ३१.२५ किलो शुद्ध चुनखडी लागते. तितकी त्या खडकातच असली तर बरे. नसली तर ती तूट ओढ्याकाठच्या शेतांना व गुरांना सोसावी लागते.

तांबे आपणांस हवेच. शाळेच्या दिव्यांच्या तारांतही ते आहे. परंतु हा हिशेब कुदळ मारण्यापूर्वी व्हावा. तो खडा मी कंपासपेटीत जपून ठेवला आहे.