तोफांचं बेट, दिव्याचं बेट

दोस्तांनो, अलिबागला गेलं की सगळे कुलाबा किल्ल्याकडे धावतात. ओहोटीची वेळ साधायची, चालत किल्ल्यात जायचं, भरतीच्या आत परत यायचं. जरूर जा. पण पुढच्या खेपेला वाट थोडी वाकडी करा आणि उत्तरेकडच्या थळ गावाचा किनारा गाठा. समोर समुद्रात दोन बेटं दिसतील. किनाऱ्याजवळचं उंदेरी, त्याच्या पलीकडचं दोन टेकाडांचं खांदेरी. अंधार पडला की उंदेरी दिसेनासं होतं. खांदेरीवर मात्र दिवा चमकतो, विझतो, पुन्हा चमकतो. हा दिवा १८६७ सालापासूनचा आहे, बरं का!

पण खांदेरीची गोष्ट दिव्यापासून सुरू होत नाही. नकाशा उघडा आणि मुंबई बंदराचं तोंड शोधा. दक्षिणेकडून येणारं जहाज बंदरात शिरायचं, तर खांदेरीवरून ते दिसणारच. शिवाजी महाराजांनी हे बरोबर हेरलं होतं. इथे किल्ला झाला, तर मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवरही नजर ठेवता येणार होती. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी आपली माणसं घेऊन बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं.

इंग्रज खवळले. त्यांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. पण मोठ्या गलबतांना वारा लागतो. वारा पडला की ती जागच्या जागी! मराठ्यांच्या होड्या लहान आणि वल्ह्यांच्या. रात्रीच्या काळोखात, उथळ पाण्यातून त्या सामान पोचवत राहिल्या. दौलतखानाच्या आरमाराशी इंग्रजांच्या चकमकी झाल्या, पण बांधकाम काही थांबलं नाही. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी हात टेकले. त्याच सुमारास सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावलं आणि तिथे आपला किल्ला बांधला. म्हणजे दोन बेटं, दोन मालक आणि समोरासमोर तोफा!

पुढे खांदेरी कान्होजी आंग्रे यांच्याकडे आलं. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून आरमार घेऊन चालून आला आणि हात हलवत परत गेला. बरोबर १०० वर्षांनी, १८१८ मध्ये, मराठी राज्य गेलं आणि बेट इंग्रजांच्या ताब्यात आलं.

आता गंमत पाहा. ज्या बेटाने जहाजांना धाक घातला, त्याच बेटावर इंग्रजांनी जहाजांना वाट दाखवायला दीपगृह उभारलं. काम अगदी उलटं, पण कारण तेच : बेटाची मोक्याची जागा. दक्षिणेकडच्या टेकाडावर अष्टकोनी दगडी मनोरा उभा राहिला.

टेकाडावरच का? जरा गणित करू. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे लांबचा दिवा क्षितिजाखाली लपतो. उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. उत्तर म्हणजे क्षितिजाचं अंतर, किलोमीटरमध्ये. समुद्रकाठी उभ्या मुलाचे डोळे पाण्यापासून दीड मीटरवर धरले, तर त्याचं क्षितिज अवघं ४.४ किलोमीटरवर. ३६ मीटर उंचीवर चढलं की तेच २१ किलोमीटरच्या पुढे जातं! म्हणून दिवा नेहमी उंच हवा. शिवाय प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची तऱ्हा ठरलेली असते. किती वेळा चमकलं, मध्ये किती सेकंद गेले, हे मोजून खलाशी ओळखतो, 'हं, हे अमुक दीपगृह!'

आता तुम्ही म्हणाल, हल्ली जहाजावर उपग्रहाने जागा कळते, मग या दिव्याचं काम काय? यंत्र बंद पडलं, तर डोळ्यांना दिसणारा दिवा कामी येतो, हे एक. दुसरं कारण बेटाकडे पाहूनच कळेल. उंदेरीवर दीपगृह नाही. तिथे झाडोरा माजला, भिंती ढासळल्या. खांदेरीवर दिव्यासाठी माणसांचा राबता राहिला. वेताळाच्या दर्शनाला कोळी बांधव येत राहिले. वापरातल्या घराची निगा राहते ना, तसंच!

तरी धोका संपलेला नाही. समुद्राची खार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरते. पाणी वाळलं की मिठाचे खडे होतात, ते फुगतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. लोखंड गंजतं. डागडुजीला सिमेंट थापलं, तर ओल आत कोंडून नुकसान वाढतं. जुन्या बांधकामाला चुनाच मानवतो. म्हणजे जपणूक हे जाणकारांचं काम आहे, नुसता रंग फासून भागत नाही.

आणि आपलं काम? बेटावर एक मोठा दगड आहे. त्यावर लहान दगड आपटला, की भांड्यासारखा खणखणतो. येणाऱ्या प्रत्येकाचा हात शिवशिवतो. एकाने ठोकला तर काही होत नाही, पण रोज शंभरांनी ठोकला तर? तटावरच्या तोफांचंही तसंच. इथे चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा आहेत, अशा फार थोड्या ठिकाणी उरल्यात. त्यांच्यावर चढून फोटो काढायचा मोह होतो. तो आवरायचा.

१९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं. २०२१ च्या नव्या कायद्यात जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून जपायची सोय झाली. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यांत खांदेरीही आहे. आता पाहायला येणारे वाढणार. किल्ला आपला आणि दीपगृह इंग्रजांचं, अशी वाटणी मात्र करू नका. दोन्ही इथल्याच समुद्राची गोष्ट सांगतात. एक पान फाडलं, तर गोष्ट अर्धीच राहील.

तेव्हा पावसाळा सोडून, समुद्र शांत असताना, मोठ्या माणसांबरोबर आणि तिथले नियम विचारूनच बेटावर जा. आणलेला कचरा पिशवीत परत न्या. जाणं नाहीच जमलं, तर अंधार पडेपर्यंत थळच्या किनाऱ्यावर थांबा. घड्याळ हातात घ्या, दिवा किती सेकंदांनी चमकतो ते मोजा आणि वहीत टिपून ठेवा. खलाशीही तेच करतात!