डासांच्या राज्यात वल्ही मारताना

बालमित्रांनो, जरा नकाशाची वही उघडा. अमेरिकेच्या वरच्या कडेला, कॅनडाच्या हद्दीला टेकलेलं मिनेसोटा राज्य शोधा. 'दहा हजार सरोवरांचं राज्य' हे त्याचं लाडकं नाव. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात 'बाउंडरी वॉटर्स' नावाचं एक रान आहे. किती मोठं? आपल्या सबंध मुंबईच्या सुमारे सातपट! त्यात हजाराहून जास्त सरोवरं. आत मोटारीचा रस्ता नाही, विजेचा खांब नाही, आणि बहुतेक सरोवरांवर इंजिनाच्या बोटीला बंदी. 1964 आणि 1978 सालच्या कायद्यांनी हे रान असं शांत राखलं आहे. एका गटात फार तर नऊ माणसं जाऊ शकतात.

मग फिरायचं कसं? कनूतून. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी होडी. इथले मूळचे ओजिब्वे लोक बर्च झाडाच्या सालीची कनू बनवत आले आहेत. एक सरोवर वल्हवत ओलांडायचं, काठाला लागायचं, कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि रानवाटेनं पुढच्या सरोवरापर्यंत चालत जायचं. या वाटांची लांबी आजही 'रॉड' या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढं अंतर. काय, आहे ना गंमत?

पण थांबा. या स्वर्गाचे पहारेकरी मोठे चावरे आहेत बरं का!

हजारो वर्षांपूर्वी इथं बर्फाच्या प्रचंड हिमनद्या होत्या. त्यांनी खडक खरवडले, खळगे पाडले आणि वितळताना त्यात पाणी भरून ठेवलं. आजही एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला सरोवरांवरचा बर्फ फुटतो. रानात जागोजाग बर्फाच्या पाण्याची डबकी साठतात आणि त्यात डासांची अंडी फुटतात. मिनेसोटात डासांच्या पन्नासएक जाती सापडतात! मेअखेरीला आधी काळ्या माश्या येतात. त्यांच्या अळ्या वाहत्या झऱ्यात वाढतात आणि त्या दिवसाउजेडी चावतात. जून-जुलैत डासांचा भर असतो. ऑगस्टच्या मध्यानंतर त्यांचा जोर ओसरतो. म्हणून जाणती माणसं लहान मुलांना घेऊन ऑगस्टअखेरीला निघतात. पहिला उपाय हाच, की कधी जायचं ते आधी ठरवा!

आता शत्रूची ओळख करून घेऊ. चावते फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलांच्या मधावर जगतो. आपण श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड मादीला लांबूनच कळतो. जवळ आली की घामाचा वास, अंगाची ऊब आणि कपड्यांचा गडद रंग तिला वाट दाखवतात. पण तिचं एक दुबळेपण आहे. ती फार हळू उडते. आपण चालतो त्याहूनही हळू! बरा वारा सुटला की तिचं काही चालत नाही.

हे कळलं की निम्मं काम झालं. तंबू ठोकायचा तो दाट झाडीत किंवा दलदलीजवळ नाही, तर सरोवरात घुसलेल्या वाऱ्याच्या खडकाळ टोकावर. कपडे फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे. पँटची टोकं मोज्यांत खोचायची. यानं गोचीडही दूर राहते. तिथली काळ्या पायांची गोचीड लाइम नावाचा आजार पसरवते, म्हणून रोज संध्याकाळी अंग तपासायचं, गुडघ्यामागं आणि कानामागंसुद्धा.

भर सरोवरात वारा असतो, तिथं डास फारसे नसतात. खरी परीक्षा रानवाटेवर. डोक्यावर उलटी कनू, दोन्ही हात तिच्या कडांना धरलेले, आणि त्या घुमटाखाली तोंडाभोवती डासांची आरती चाललेली! मारायला हात कुठून आणणार? म्हणून कनू उचलण्याआधीच टोपीवरून गळ्यापर्यंत येणारी जाळी चढवायची.

उघड्या अंगाला लावायचं औषध म्हणजे 'डीट'. अमेरिकन सैन्यासाठी ते 1946 मध्ये तयार झालं, 1957 पासून सगळ्यांना मिळू लागलं. ते डासांना मारत नाही, त्यांच्या वासाच्या जाणिवेचा गोंधळ उडवतं. लहानांना ते मोठ्यांनीच लावावं. डोळे, ओठ, जखमा आणि बाळांचे हात टाळावेत. उन्हाचं मलम आधी, डीट नंतर. चष्म्याच्या प्लॅस्टिकला मात्र ते खराब करतं, जपा!

कपड्यांसाठी 'परमेथ्रिन' नावाचं दुसरं औषध असतं. ते अंगाला लावत नाहीत, घरीच कपड्यांवर फवारून वाळवतात. घरीच का? कारण ते माशांना घातक आहे. ज्या सरोवराचं पाणी आपण गाळून किंवा उकळून पिणार, त्यात औषधाचा तवंग कसा सोडायचा? म्हणून डीट लावलेलं अंग थेट सरोवरात बुडवायचं नाही. भांड्यात पाणी घेऊन काठापासून सत्तर-ऐंशी पावलं दूर जायचं आणि तिथं अंग धुवायचं.

तुम्ही म्हणाल, एवढी काळजी कशाला? सगळे डास मारूनच टाकावेत! पण त्यांच्या अळ्यांवर छोटे मासे आणि चतुराची पिल्लं जगतात, उडत्या डासांवर वटवाघळं. तिथल्या दलदलीत हिरवट फुलांचं एक इवलंसं ऑर्किड आहे, त्याचे पराग तर डासच वाहून नेतात. पाहुणे आपण आहोत, डास नव्हेत.

संध्याकाळ हा डासांच्या जेवणाचा वक्त. तेव्हा आपलं जेवण त्याआधी उरकायचं. पूर्वी शेकोटीवर ओला पाला टाकून धूर करत. आपल्याकडे गोठ्यात कडुलिंबाची धुरी देतात ना, तसाच! अंधार पडताच तंबूत शिरायचं, चेन अर्धीच उघडून चटकन आत, आणि लगेच बंद. आत आलेले दोन-चार डास विजेरीच्या उजेडात टिपले की रात्र आपली. तंबूत डासांची कॉईल मात्र कधीही पेटवू नका. तंबू भुरकन पेट घेतो आणि धूरही कोंडतो.

हे सगळं मिनेसोटापुरतंच नाही हं. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना दिसला तो 20 ऑगस्ट 1897 रोजी, आपल्या भारतातच, सिकंदराबादला. तिथं रानात डास चावला तर बहुतेक वेळा खाजवून भागतं. आपल्याकडे मलेरिया आणि डेंग्यूचं भय असतं. मलेरियाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा. तेव्हा शाळेचं शिबिर धरणाकाठी असो की खाडीकाठी, पिशवी भरताना आईबाबांबरोबर यादी करा : पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, मोजे, मच्छरदाणी, मलम, विजेरी. आणि तंबूची जागा ठरवताना सरांना विचारा, "सर, वारा कुठून येतोय?"