आज्ञेंतील काळजी

आज्ञा म्हटली कीं विद्यार्थ्यांच्या कपाळास आठी पडते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आज्ञेंत सांगणाराचा तोरा असतो, अशी त्यांची समजूत. उद्योगशिक्षणासाठीं जर्मनीस जाऊं इच्छिणाऱ्या कांहीं तरुणांस मी फावल्या वेळीं तेथील भाषेचे प्राथमिक पाठ देतों. आज्ञार्थाचें प्रकरण आलें, म्हणजे तें मी विशेष सावकाश शिकवितों. कारण कारखान्यांत तें प्रकरण परीक्षेपुरतें राहत नाहीं, त्यावर हाताचीं बोटें अवलंबून असतात.

जर्मन भाषेंत सोबत्यास 'घाल' म्हणावयाचें तर 'ट्राग', सोबत्यांच्या घोळक्यास 'ट्राग्ट', आणि अपरिचितास 'ट्रागेन झी'. कांहीं क्रियापदांचा स्वरही पालटतो. 'नेमेन' म्हणजे घेणें. पण 'घे' म्हणावयाचें तर 'निम'. नवशिका येथें अडखळतो. परंतु कारखान्यांतील पाटी पाहावी, तर तेथें बहुधा यांपैकीं कोणतेंच रूप नसतें. 'शुट्सहेल्म ट्रागेन', म्हणजे 'संरक्षक शिरस्त्राण घालणें', एवढेंच असतें. क्रियापदाचें मूळ रूप तेवढें. 'तूं' नाहीं, 'आपण' नाहीं. मालक आंत आला तरी तीच पाटी, नवा उमेदवार आला तरी तीच. आपल्या 'घालावें', 'हात लावूं नये' या रूपांचा गुणही हाच होय.

दुसरी गोष्ट अधिक जपण्याची आहे. 'आउसशाल्टेन' म्हणजे बंद करणें आणि 'आइनशाल्टेन' म्हणजे चालू करणें. पाटीवर हे शब्द अखंड असतात. पण देखरेख करणारा तोंडानें सांगूं लागला कीं त्यांचे दोन तुकडे होतात : 'शाल्टेन झी दी माशीने आउस'. यंत्र बंद करावयाचें कीं चालू, हें शेवटच्या इवल्याशा शब्दावर ठरतें. म्हणून मी सांगतों, वाक्य संपेपर्यंत हात हलवूं नका. मराठी माणसास हें जड जाऊं नये. 'लावूं' ऐकल्यावर पुढें 'नये' येतें कीं काय, याची वाट पाहण्याची आपणांस संवय आहेच.

या आज्ञांमागें इतिहास आहे. ६ जुलै १८८४ रोजीं जर्मनींत अपघातविम्याचा कायदा झाला. विम्याचा भार धंदेवार स्थापिलेल्या मालकांच्या संघांवर पडला, आणि अपघात टाळण्याचे नियम करण्याचा अधिकारही त्या संघांस मिळाला. आज तेथें घातक रसायनांचें काम असेल, तर कामगारास समजेल अशा भाषेंत मालकानें लेखी सूचना दिली पाहिजे, आणि काम सुरू होण्यापूर्वीं व पुढें वर्षांतून एकदां तरी ती तोंडीं समजावून दिली पाहिजे. आज्ञा देणारासही अशी आज्ञा आहे !

विद्यार्थी मित्रहो, समजलें नसतां भिडेनें मान डोलविण्याची खोड आपल्यांत फार आहे. वर्गांत तिनें गुण जातात; यंत्रापुढें हात जाईल. म्हणून माझ्या तरुणांकडून मी एक वाक्य प्रथम पाठ करवून घेतों : 'इश हाबे दास निश्त फेरश्टांडेन', म्हणजे 'मला हें समजलें नाहीं'. पालकांनींही हें वाक्य आपल्या मुलांस मराठींत, घरींच, निःसंकोच बोलूं द्यावें.